सीओपीडी किती जणांना आहे? टक्केवारी वाचायची कशी, पायरीपायरीने

२०१९ साली जगात सीओपीडी (फुफ्फुसांचा कायमचा आजार, ज्यात श्वास बाहेर सोडायला अडथळा येतो) किती लोकांना होता, असा साधा प्रश्न घेऊन शोधायला बसलात तर तीन उत्तरं हाती येतात. २१ कोटी, २९ कोटी आणि ३९ कोटी. साल एकच, आजार एकच, आणि तिन्ही आकडे अभ्यासू लोकांनी मेहनत करून काढलेले, कुणी हवेत गोळी मारलेली नाही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं मीच चुकीचं वाचतेय, तीनदा परत बघितलं.

या विषयात मी शिरले ते मावशीमुळे. मावशीने जन्मात कधी सिगरेटला हात लावला नाही, पण जिना चढताना दोनदा थांबायची, सकाळी खोकून खोकून बेजार व्हायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं आता. असं जवळजवळ दहा वर्षं चाललं, मग एका डॉक्टरांनी तिला मशीनवर फुंकायला बसवलं आणि कळलं की सीओपीडी आहे, तोही बऱ्यापैकी पुढे गेलेला. नंतर माझ्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला की ती दहा वर्षं ती कुठल्या आकड्यात होती? कुठल्याच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय, म्हणजे कुठल्याही भागातल्या, देशातल्या सीओपीडीचा आकडा समोर आला (प्रोजेक्ट असो, बातमी असो, आरोग्य केंद्राचं नियोजन असो) तर त्यात कोण धरलंय आणि कोण सुटलंय ते तुम्हाला स्वतःला काढता यावं.

पायरी १: आधी मोजतात कसं ते बघा

सीओपीडीत फुफ्फुसातून हवा बाहेर पडायला कायमचा अडथळा झालेला असतो. श्वास आत जातो पण बाहेर सोडायला वेळ लागतो. म्हणून टेस्टसुद्धा सोडण्याचीच असते, स्पायरोमेट्री. पेशंट खुर्चीत ताठ बसतो, नाकाला चिमटा, तोंडात नळी, पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि मग जोरात फुंकायचं, आणि फुंकतच राहायचं, पार रिकामं होईपर्यंत. पहिल्या एका सेकंदात जेवढी हवा बाहेर आली ती एफईव्ही वन, आणि पूर्ण फुंकरीत मिळून आली ती एफव्हीसी. पहिलीला दुसरीने भागायचं. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच बहुतेक हवा बाहेर टाकतो, अडथळा असला की ती रेंगाळत येते आणि भागाकार खाली जातो. औषध देऊन केलेल्या टेस्टमध्येही तो ०.७० च्या खाली राहिला तर अडथळा आहे असं धरतात. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी व्याख्या हीच, 'गोल्ड' या संस्थेची, १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि २००१ ला पहिला रिपोर्ट आला.

आता यात एक बारीक गोष्ट आहे, ती मी डोळ्यांनी बघितलीय. मावशीने पहिल्यांदा फुंकलं आणि तीन सेकंदात थांबली, दम लागला म्हणून. स्क्रीनवर पहिल्या सेकंदाची हवा १.२५ लिटर, एकूण १.७ लिटर, भागाकार ०.७३ च्या वर. म्हणजे नॉर्मल! ज्या ताई टेस्ट घेत होत्या त्यांनी मान हलवली, म्हणाल्या हे नाही चालणार काकू, शेवटपर्यंत जायचं, आणि पुढच्या वेळी शेजारी उभं राहून नुसत्या ओरडत राहिल्या, फुंका फुंका फुंका, अजून आहे, सोडू नका. त्या वेळी एकूण हवा आली २.२ लिटर आणि पहिल्या सेकंदाची १.३. भागाकार ०.५९. तेच फुफ्फुस, तीच खुर्ची. लवकर थांबलेली फुंकर आजार लपवते, हे त्या दिवशी कळलं. म्हणून चांगल्या सर्व्हेत निदान तीन नीट फुंकरी घेतात आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या दोनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको असा नियम असतो. एखादा रिपोर्ट वाचताना किती जणांच्या फुंकरी खराब म्हणून बाद केल्या ते लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर तो सर्व्हे मी जास्त विश्वासाने वाचते.

पायरी २: औषधाआधीचा आकडा की नंतरचा

श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन, साधारण ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल, आणि १० ते १५ मिनिटं थांबून परत टेस्ट करायची असते. दमा असलेल्या बऱ्याच जणांचा अडथळा औषधाने सुटतो, सीओपीडीचा पूर्ण सुटत नाही. ही पायरी गाळली तर दम्याचे पेशंटही सीओपीडीत जमा होतात आणि आकडा फुगतो, लॅटिन अमेरिकेतल्या सर्व्हेत औषधानंतरची टेस्ट धरल्यावर प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने खाली आलं होतं. औषधानंतरची टेस्ट आहे की नाही एवढंच बघायचं आणि पुढे जायचं.

पायरी ३: ०.७० ची रेघ की वयानुसार खालची मर्यादा

इथे खरा गोंधळ आहे, त्यामुळे जरा थांबूया.

वय वाढलं की फुफ्फुसाची लवचिकता आपोआप कमी होते, जुन्या कपड्यातलं इलॅस्टिक सैल पडतं तसं, म्हणजे सत्तरी पार केलेल्या ठणठणीत माणसाचाही भागाकार ०.७० च्या खाली जाऊ शकतो. उलट पस्तीस चाळीसच्या माणसाचा ०.७२ आला तर रेघेच्या वर म्हणून तो सुटतो, पण त्याच्या वयाला तो कमीच असतो. म्हणून दुसरी पद्धत आली, एलएलएन, म्हणजे त्या वयाच्या, त्या उंचीच्या निरोगी लोकांमधले सगळ्यात खालचे ५ टक्के जिथे सुरू होतात ती रेघ, त्याखाली असाल तरच अडथळा.

आता सुरुवातीचे आकडे घ्या. २०२२ मध्ये लॅन्सेटच्या श्वसनविषयक जर्नलमध्ये एक मोठं विश्लेषण आलं, त्यात २०१९ साठी ३० ते ७९ वयाच्या लोकांचा हिशोब होता. ०.७० ची रेघ धरून १०.३ टक्के, म्हणजे ३९.१९ कोटी. एलएलएन धरून ७.६ टक्के, म्हणजे २९.२ कोटी. फरक जवळपास १० कोटींचा! चीनच्या २०१८ ला छापलेल्या राष्ट्रीय सर्व्हेत अख्ख्या देशातल्या सीओपीडीचा अंदाज ९.९९ कोटी होता. म्हणजे नुसती रेघ हलवली तर जगाच्या हिशोबात चीनच्या सगळ्या पेशंटएवढी माणसं येतात किंवा जातात, आणि यातला एकही माणूस रात्रीतून बरा किंवा आजारी झालेला नाही.

आणि २१ कोटी कुठून आले? तो ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या प्रकल्पाचा २०१९ चा अंदाज, २१.२३ कोटी. त्यांची मॉडेलं वेगळी, वेगवेगळ्या देशांचा असमान डेटा ते एका मापात बसवायचा प्रयत्न करतात आणि सगळी वयं धरतात. तिन्ही आकडे आपापल्या नियमात बरोबर आहेत, चूक होते ती एकाचा आकडा घेऊन दुसऱ्याशी तुलना करताना, एकातून १९९० चा आणि दुसऱ्यातून २०१९ चा घेऊन "आजार दुप्पट झाला" म्हणताना.

माझं मत विचाराल तर कुठली रेघ बरोबर यावर भांडत बसण्यापेक्षा, दोन ठिकाणांची तुलना करताना दोन्हीकडे एकच रेघ आहे ना हे बघणं जास्त कामाचं. शिवाय बऱ्याच सर्व्हेत 'स्टेज २ किंवा जास्त' असा वेगळा आकडा देतात, म्हणजे अडथळा आहे आणि पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षित मापाच्या ८० टक्क्यांपेक्षाही कमी आहे. उपचारांचं नियोजन करायचं असेल तर तो आकडा उचला, त्यात काठावरची माणसं गळून जातात.

पायरी ४: मोजलं, की विचारलं, की रजिस्टरमधून घेतलं

या एका पायरीवर आकडा अर्ध्यावर येऊ शकतो, कधी पाव. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहराचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण तिथे तेच लोक तीन प्रकारे मोजले गेले. चाळिशीच्या पुढचे सव्वा हजारच्या आसपास लोक, त्यात ०.७० च्या रेघेने २६.१ टक्क्यांना अडथळा, स्टेज २ आणि पुढे १०.७ टक्के, आणि "डॉक्टरांनी तुम्हाला सीओपीडी असल्याचं सांगितलंय का" याला हो म्हणणारे ५.६ टक्के. उद्या बातमी आली की साल्झबर्गमध्ये सीओपीडी २६ टक्के, दुसरी आली की ५.६ टक्के, दोघांनाही खोटं म्हणता येणार नाही.

नुसतं विचारून केलेले सर्व्हे वाईट असतात असं नाही, ते स्वस्त पडतात, दरवर्षी करता येतात आणि एकाच पद्धतीने केले तर भागाभागातला फरक चांगला दाखवतात. अमेरिकेत २०११ ला फोनवर विचारून ६.३ टक्के प्रौढांनी हो सांगितलं, आणि वॉशिंग्टन, मिनेसोटात ४ टक्क्यांच्या खाली तर केंटकी, अलाबामात ९ च्या वर असं चित्र आलं. पण तो आकडा 'निदान झालेल्यांचा' आहे, आजार असलेल्यांचा नाही. भारतात सुमारे १ लाख ७० हजार लोकांना प्रश्न विचारून केलेल्या मोठ्या सर्व्हेत ३५ वर्षांपुढच्यांत ३.४९ टक्के निघाले, पण ते होते क्रॉनिक ब्राँकायटिसचे, म्हणजे दीर्घकाळ खोकला आणि कफ. ज्यांना नुसता दम लागतो, कफ नाही, ते या प्रश्नावलीतून सुटतात.

२७ देशांतल्या ४४ ठिकाणच्या ३०,८७४ लोकांच्या डेटावर २०१५ ला एक विश्लेषण छापून आलं, त्यात स्पायरोमेट्रीवर सीओपीडी निघालेल्यांपैकी ८१.४ टक्के लोकांना आधी कुणी निदानच केलेलं नव्हतं. पाचातले चार! हे वाचलं तेव्हा मला मावशी दिसली. म्हणून हॉस्पिटलच्या रजिस्टरमधून किंवा औषधांच्या खपावरून काढलेला आकडा आला की तो तळाचा आकडा समजा, खरा आकडा त्याच्या वरच असणार.

पायरी ५: वय. वय. वय.

"प्रौढांमध्ये १० टक्के" म्हणजे १८ च्या पुढे का ३० च्या का ४० च्या? चीनच्या त्याच सर्व्हेत ५०,९९१ लोक तपासले, २० वर्षांपुढच्यांत प्रमाण ८.६ टक्के आणि ४० च्या पुढे मोजलं तर १३.७ टक्के. लॅटिन अमेरिकेतल्या पाच शहरांच्या 'प्लॅटिनो' सर्व्हेत साठीपुढे तर मेक्सिको सिटीत १८.४ आणि माँटेव्हिडिओत ३२.१ टक्के निघाले, म्हणजे तिसरा माणूस.

वयाचा खेळ समजून घ्यायला एक छोटं गणित करून बघा, हे आकडे मी समजायला सोपे म्हणून मनाने घेतलेत. समजा दोन गावं आहेत, दोन्हीकडे ४० ते ५९ वयात ५ टक्के आणि साठीपुढे २० टक्के सीओपीडी, म्हणजे आजार अगदी सारखा. पहिल्या गावात हजारात ७०० तरुण गटातले आणि ३०० साठीपुढचे, तर ३५ अधिक ६० मिळून ९५ पेशंट, ९.५ टक्के. दुसऱ्या गावात ५०० आणि ५००, तर २५ अधिक १०० मिळून १२५, म्हणजे १२.५ टक्के. दुसरं गाव जास्त आजारी वाटतं, पण ते फक्त म्हातारं आहे. म्हणून तुलना करायची तर वयानुसार प्रमाणित केलेला दर शोधायचा, आणि तो नसेल तर वयोगटाप्रमाणे टक्के बघून एकेक गट समोरासमोर ठेवायचा.

पायरी ६: किती लोक तपासले, कुठले

हे लवकर उरकूया. हजार लोकांत १० टक्के निघाले तर खरा आकडा साधारण ८ ते १२ मध्ये धरायचा, शंभरच लोक असतील तर ४ पासून १६ पर्यंत कुठेही. लोक घरोघरून निवडलेत का दवाखान्यात आलेल्यांतून, हेही बघा, कारण दवाखान्यात येतो तो आधीच खोकत येतो. आणि शहराचा आकडा देशाला चिकटवू नका, त्यावर आता बोलतेच.

पायरी ७: मग ठिकाणाठिकाणात खरा फरक किती

वरच्या सगळ्या गोष्टी एकसारख्या ठेवल्या तरी फरक उरतो आणि तोच खरा बघण्यासारखा. यासाठीच 'बोल्ड' नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, सगळीकडे तीच प्रश्नावली, तीच पद्धत, तेच ट्रेनिंग. २००७ ला १२ ठिकाणांचे निकाल आले, ९,४२५ लोक, सगळे ४० किंवा त्यापुढचे. स्टेज २ आणि पुढे एकूण १०.१ टक्के, पुरुषांत ११.८ आणि बायकांत ८.५. पण केप टाउनमध्ये पुरुषांत २२.२ आणि बायकांत १६.७ टक्के! तिथे नुसतं धूम्रपान नाही, टीबी होऊन गेलेले लोक जास्त, धुळीच्या कामात आयुष्य गेलेले लोक जास्त, आणि ही सगळी कारणं एकाच छातीत साठत जातात. प्लॅटिनोमध्येही मेक्सिको सिटी ७.८ टक्के आणि माँटेव्हिडिओ १९.७, आणि माहीत असलेली मोठी कारणं गणितातून वजा केली तरी मेक्सिको सिटीचा आकडा कमीच राहिला.

कारणांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत ७० टक्क्यांहून जास्त केसेसमागे तंबाखूचा धूर आहे, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र ३० ते ४० टक्के. बाकी घरातला जळणाचा धूर, कामावरची धूळ आणि वाफा, बाहेरचं प्रदूषण, लहानपणीचे छातीचे आजार, वेळेआधी झालेला जन्म, टीबी. बोल्डमध्ये स्टेज २ आणि पुढच्या पेशंटपैकी २३.३ टक्के लोकांनी कधीच सिगरेट ओढलेली नव्हती. घरातल्या धुराबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की अभ्यासांचं एकमत नाही, कित्येक अभ्यासांत संबंध दिसतो पण बोल्डच्या २०१८ च्या विश्लेषणात सॉलिड इंधनाचा आणि श्वासनलिकेच्या अडथळ्याचा संबंध सापडला नाही. धूर निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही, पण कुणी अगदी ठाम टक्केवारी फेकली तर दोन प्रश्न जरूर विचारा.

आणि सगळे पेशंट उतरणीवरून आलेले नसतात. २०१५ ला छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जवळपास निम्म्यांची फुफ्फुसं तरुणपणी चांगली होती आणि मग भराभर घसरली, उरलेल्यांची मुळात पूर्ण वाढलीच नव्हती, नंतर साध्या गतीने उतरली तरी रेघेखाली गेली. म्हणजे आज साठीतल्या लोकांत दिसणारा आकडा हा थोडाफार साठ वर्षांपूर्वीच्या बालपणाचाही आकडा आहे.

पायरी ८: "वाढतोय" म्हणजे काय वाढतंय

डोकी वाढली की दर वाढला? ग्लोबल बर्डनच्या हिशोबात १९९० ते २०१९ मध्ये पेशंटची संख्या वाढली, पण वयानुसार प्रमाणित दर ८.७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा प्रमाणित दर ४१.७ टक्क्यांनी खाली आला. दोन्ही एकाच वेळी खरं. लोकसंख्या वाढली, लोक जास्त जगायला लागले, म्हणून पेशंट जास्त. ज्याला बेड आणि औषधं मोजायचीत त्याने डोकी बघायची, ज्याला धूर कमी करण्याचा उपयोग झाला का बघायचंय त्याने दर बघायचा.

मृत्यूच्या क्रमवारीतही असंच फसायला होतं. २०१९ ला सीओपीडी जगात मृत्यूचं तिसरं कारण होतं, ३२.३ लाख मृत्यू. २०२१ ला चौथं. सुधारणा झाली? नाही, मृत्यू ३५ लाखांवर गेले, फक्त कोविड मध्ये शिरला म्हणून नंबर खाली सरकला. शिवाय मृत्यूचे आकडे आणि स्पायरोमेट्रीचे आकडे हातात हात घालून चालतीलच असं नाही, बोल्डच्याच एका विश्लेषणात सीओपीडीने होणारे मृत्यू गरिबीशी आणि लहान राहिलेल्या फुफ्फुसांशी जास्त जोडलेले दिसले. म्हणून मृत्यूंवरून प्रमाणाचा अंदाज बांधू नका.

पायरी ९: आपल्या भागाचा अंदाज काढायचाय?

काढता येतो, ढोबळ का होईना. तुमच्यासारख्याच लोकसंख्येत, औषधानंतरच्या स्पायरोमेट्रीने केलेला सर्व्हे घ्या, त्यातले वयोगटाचे टक्के घ्या, आणि आपल्याकडच्या प्रत्येक वयोगटाच्या लोकसंख्येला लावा. समजा चाळिशीपुढचे ५०,००० लोक आहेत, त्यातले ३०,००० साठीच्या आतले आणि २०,००० साठीपुढचे. वरचेच मनाचे ५ आणि २० टक्के लावले तर १,५०० अधिक ४,००० म्हणजे ५,५००. एकच आकडा देऊ नका, ४ ते ६ आणि १६ ते २४ टक्के असे पट्टे धरले तर ४,४०० ते ६,६०० येतात, तसंच लिहा. मग दवाखान्याच्या यादीशी लावून बघा. यादीत ९०० नावं असतील तर मधल्या अंदाजाने ४,६०० लोक, म्हणजे १०० तले ८४, कुठेतरी "वय झालं" म्हणून गप्प बसलेत.

पण एवढे सुटलेत म्हणून सरसकट सगळ्यांना मशीनवर बसवा असं नाही. काहीच त्रास नसलेल्यांचं स्क्रीनिंग करू नये अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवांच्या टास्क फोर्सची शिफारस आहे, २०२२ ला त्यांनी ती परत कायम ठेवली. शोधायचे ते दम लागणारे, सतत खोकणारे, कफ पडणारे आणि धुरात धुळीत वर्षं काढलेले लोक. आमच्या घरात हे तिन्ही त्रास असलेली बाई समोर बसलेली होती आणि आम्ही तिला जिना सावकाश चढ म्हणत होतो.

शेवटी आकडा लिहिताना वाक्य असं पूर्ण लिहा: "२०१२ ते २०१५ या काळात चीनमध्ये केलेल्या सर्व्हेत, औषधानंतरच्या स्पायरोमेट्रीत भागाकार ०.७० पेक्षा कमी ही व्याख्या धरून, ४० आणि त्यापुढच्या वयात सीओपीडीचं प्रमाण १३.७ टक्के आढळलं." वाक्य लांब होतं, होऊ दे. छापायला जागा कमी पडली तर बाकी काहीही कापा, पण साल, वय आणि व्याख्या ठेवा.